दोन दिवसांनी येणारा थकवा

न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम टोकाला, ओंटारिओ सरोवराच्या जवळ, लिंडनव्हिल नावाचं जेमतेम हजारभर वस्तीचं गाव आहे. १९८५ च्या ऑक्टोबरात तिथले बालरोगतज्ज्ञ डॉ. डेव्हिड बेल यांच्या दवाखान्यात एकामागून एक मुलं येऊ लागली. सुरुवात फ्लूसारखी होती. ताप, घसादुखी, मानेत सुजलेल्या गाठी, पोटात दुखणं. आठवड्याभरात बरी होऊन शाळेत जातील असं वाटलेली ही मुलं महिने उलटले तरी अंथरुणातून उठेनात. गावात आणि आसपास मिळून दोनशेहून अधिक माणसांना या आजाराने गाठलं, त्यांत साठेक मुलं होती. रक्ताचे रिपोर्ट बघावेत तर बहुतेक नॉर्मल.

इथे डॉक्टरांपुढे दोन वाटा होत्या. रिपोर्टवर विश्वास ठेवायचा किंवा मुलांवर. बेल यांनी मुलांवर ठेवला. त्यांनी या मुलांचा माग सोडला नाही, ती मोठी होऊन नोकरी-संसाराला लागेपर्यंत त्यांची चौकशी करत राहिले. या मुलांना झालेल्या आजाराबद्दल, म्हणजे कुमारवयातल्या क्रॉनिक फटीग सिंड्रोमबद्दल, आज जे थोडंफार ठामपणे सांगता येतं, त्यातला बराचसा भाग अशा चिकाटीने माग काढणाऱ्या मोजक्या डॉक्टरांमुळे हाती आला आहे.

या आजाराचं दुसरं नाव मायाल्जिक एन्सेफलोमायलायटिस. दोन्ही नावं जोडून त्याला एमई/सीएफएस म्हणतात. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१५ मध्ये जो अहवाल काढला, त्यात ओळखीच्या खुणा नेमक्या सांगितल्या आहेत. पूर्वी सहज जमणाऱ्या गोष्टी सहा महिन्यांहून अधिक काळ जमेनाशा होणं आणि त्यासोबत नवा, गाढ थकवा असणं. श्रमानंतर सगळीच लक्षणं बळावणं. कितीही झोपलं तरी ताजंतवानं न वाटणं. आणि याखेरीज बुद्धीचं काम मंदावणं किंवा उभं राहिल्यावर त्रास होणं, या दोहोंपैकी निदान एक. या सगळ्यात श्रमानंतर लक्षणं बळावण्याची खूण मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ती समजली की उरलेला आजार समजायला सोपा जातो, आणि ती न समजल्यामुळेच घरात, शाळेत, दवाखान्यात मुलांवर अन्याय होतो.

नववीतली एक मुलगी डोळ्यांसमोर आणा. शनिवारी शाळेचं गॅदरिंग आहे. तिचं नाव नाचात आहे, महिनाभर आधी दिलेलं. ती जाते, नाचते, मैत्रिणींबरोबर फोटो काढते, घरी येऊन जेवते. रविवारी जरा मलूल असते. सोमवारी सकाळी मात्र तिला डोकं उशीवरून उचलवत नाही. घसा पुन्हा दुखतोय, पाय भरून आलेत, पंख्याचा आवाज सहन होत नाही, आईने विचारलेल्या साध्या प्रश्नाचं उत्तर जुळवायला वेळ लागतोय. मंगळवारही तसाच. बुधवारी आई शाळेत फोन करते, तेव्हा बाई म्हणतात, "अहो, शनिवारी तर किती छान नाचली!" बाई खोटं बोलत नाहीत. त्यांनी शनिवार पाहिला, सोमवार पाहिला नाही.

आजाराचा सगळा घोळ या मधल्या अंतरात आहे. आपण दमतो ते काम करताना किंवा काम संपताच, आणि एका झोपेत तो शीण उतरतो. या मुलांच्या बाबतीत श्रम आणि त्याची किंमत यांच्यात काही तासांचं, बऱ्याचदा एक-दोन दिवसांचं अंतर पडतं. शरीर उधारीवर माल देतं आणि वसुलीला नंतर येतं, तीही व्याजासकट. त्यामुळे मुलीलासुद्धा कळत नाही की सोमवारच्या अंथरुणाचं कारण शनिवारच्या नाचात आहे. तिला वाटतं, आजार लहर लागेल तसा येतो-जातो. आई-बाबांना वाटतं, मजेच्या वेळी हिला काही होत नाही, शाळा म्हटलं की होतं. आणि श्रम म्हणजे फक्त नाच किंवा खेळ नव्हे. दोन तास गणितं सोडवणं, लग्नघरातली गर्दी आणि स्पीकरचा आवाज, घरातलं कडाक्याचं भांडण, अगदी आवडत्या मावशीशी तासभर गप्पा, हे सगळं त्याच खात्यावर पडतं. म्हणून पी.टी.च्या तासाला बसवून ठेवलं तरी मुलगी कोसळते आणि कोणालाच उलगडा होत नाही.

लक्षणांच्या या लपंडावामुळे डॉक्टरांचीही फसगत झाली. १९५५ च्या जुलैत लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये अशाच आजाराची साथ आली. आजारी पडलेले २९२ जण बहुतांशी कर्मचारी होते, परिचारिका, डॉक्टर, विद्यार्थी. हॉस्पिटल ऑक्टोबरपर्यंत बंद ठेवावं लागलं. पंधरा वर्षांनी, १९७० मध्ये, मॅकएव्हडी आणि बिअर्ड या दोन मानसोपचारतज्ज्ञांनी जुने कागद चाळून हा सामूहिक हिस्टेरियाचा प्रकार असल्याचं मत मांडलं. रुग्णांमध्ये बायका जास्त होत्या, हा त्यांच्या युक्तिवादातला एक मुद्दा. त्यांनी स्वतः रुग्ण तपासले नव्हते. त्या एका लेखाची सावली पुढे कित्येक दशकं या आजारावर राहिली. आजही कुमारवयात मुलग्यांपेक्षा मुलींना हा आजार बराच जास्त होतो, आणि 'मुलींची नाटकं' हा शेरा अजून तितकाच सहज मारला जातो, म्हणून हा इतिहास इथे सांगितला.

आजार सुरू कशामुळे होतो? पुष्कळदा एखाद्या संसर्गानंतर. शिकागोमध्ये एप्स्टाइन-बार विषाणूमुळे येणारा ग्रंथींचा ताप झालेल्या ३०१ मुलामुलींवर दोन वर्षं लक्ष ठेवलं गेलं. सहा महिन्यांनी १३ टक्के, वर्षाने ७ टक्के आणि दोन वर्षांनी ४ टक्के मुलं या आजाराच्या निकषात बसत होती. म्हणजे बहुतेक मुलं सावरतात, पण काही मागे राहतात. ऑस्ट्रेलियातल्या डबो या गावात तीन वेगवेगळ्या जंतूंच्या तापांचा असाच मागोवा घेतला, तेव्हा सहा महिन्यांनी १२ टक्के रुग्ण या अवस्थेत होते. ताप ज्यांना जास्त जोराचा आला होता ते मागे राहण्याची शक्यता जास्त होती. रुग्णाचा स्वभाव कसा होता, आधीची मनःस्थिती कशी होती, यावर ते ठरलं नाही. आपल्याकडे डेंगी आणि चिकनगुनियानंतर आठवडेच्या आठवडे अंगात त्राण नसणं घरोघरी माहीत आहे. कोविडनंतर तर जगभर हे चित्र दिसलं.

शरीरात नेमकं काय बिघडतं याचं संशोधन चालू आहे. एक गोष्ट मात्र दवाखान्यात मोजता येते, आणि आपल्याकडे ती फार क्वचित मोजली जाते. आपण उभे राहिलो की गुरुत्वाकर्षणाने अर्धा-पाऊण लिटर रक्त पोटाकडे आणि पायांकडे उतरतं. निरोगी शरीर रक्तवाहिन्या आवळून ते लगेच सावरतं. या आजारातल्या पुष्कळ मुलांचं शरीर ते नीट सावरू शकत नाही. काहींची नाडी भरधाव सुटते, काहींचा रक्तदाब उतरतो. नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात ४२९ रुग्णांना तिरप्या टेबलावर उभं करून मेंदूकडे जाणारा रक्तप्रवाह मोजला. निरोगी माणसांत तो ७ टक्क्यांनी घटला, रुग्णांत सरासरी २६ टक्क्यांनी. सकाळच्या परिपाठात राष्ट्रगीत, प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, बातम्या असं वीस मिनिटं उभं राहून मग पहिल्या तासाला बसलेल्या मुलीला फळ्यावरची ओळ वाचूनही कळत नाही, त्याचं हे कारण असू शकतं. बारकाईने पाहिलं तर घरातही खुणा सापडतात. ही मुलं खुर्चीत पाय वर घेऊन, गुडघे छातीशी धरून बसतात. एका जागी उभं राहायची वेळ आली की चुळबुळ करतात, भिंतीला टेकतात. गरम पाण्याच्या अंघोळीनंतर गळून जातात. थोडा वेळ उभं राहिल्यावर पावलं लालसर-जांभळी पडतात.

उभं राहिल्यावर होणाऱ्या या त्रासाची तपासणी महागडी नाही. मुलीला काही मिनिटं शांत आडवं निजवून नाडी आणि रक्तदाब घ्यायचा. मग भिंतीला पाठ टेकून, टाचा भिंतीपासून वीतभर पुढे ठेवून दहा मिनिटं उभं करायचं आणि दर मिनिटाला पुन्हा मोजायचं. किशोरवयात नाडी ४० ठोक्यांनी किंवा त्याहून जास्त वाढून तशीच राहिली, तर ते दुर्लक्ष करण्यासारखं नाही. ही तपासणी डॉक्टरांच्या समोरच व्हावी, कारण काही मुलींना भोवळ येते. हा त्रास सापडणं ही एका अर्थी चांगली बातमी आहे, कारण त्यावर करता येण्याजोगं काही आहे. दिवसभर भरपूर पाणी, डॉक्टरांनी सांगितलं तर जास्तीचं मीठ, पाय-पोटावर घट्ट बसणारे मोजे, बसून अंघोळ, आडवं पडून अभ्यास, आणि गरज पडली तर औषधं. मूळ आजार यांनी जात नाही, पण दिवसाचे काही तास मुलीला परत मिळतात.

आता निदानाबद्दल. थकलेली प्रत्येक मुलगी या आजाराची नसते, हे आपल्या देशात जास्तच ठासून सांगायला हवं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्ताल्पता आढळली. त्यामुळे हिमोग्लोबिन आणि शरीरातला लोहाचा साठा आधी पाहायचा. थायरॉइड, साखर, बी-१२, ड जीवनसत्त्व, यकृत आणि मूत्रपिंडाचं काम, गव्हाची अॅलर्जी समजली जाणारी सिलिअॅक व्याधी, क्षय, हे सगळं तपासून घ्यायचं. वजन उतरत असेल, रोज संध्याकाळी ताप भरत असेल, रात्री घाम फुटत असेल किंवा सांधे सुजत असतील, तर शोध दुसऱ्या दिशेने आणि तातडीने व्हायला हवा. मात्र लोहाच्या गोळ्यांनी हिमोग्लोबिन १२ वर गेलं आणि मुलगी तशीच पडून राहिली, तर 'आता रिपोर्ट चांगला आहे, उठ बघू' असं म्हणून फाइल बंद करू नये. खरा प्रश्न तिथून पुढे सुरू होतो.

नैराश्याशी या आजाराची गल्लत नेहमी होते. ती सोडवायला एक साधा प्रश्न उपयोगी पडतो. मुलीला विचारा, "उद्या सकाळी एकदम बरं वाटलं, तर काय काय करशील?" नैराश्यात बुडालेलं मूल बहुधा खांदे उडवतं, काही करावंसंच वाटत नाही म्हणतं. या आजारातल्या मुलीची यादी संपत नाही: सायकल, पोहणं, मैत्रिणीचा वाढदिवस, अर्धं राहिलेलं चित्र, आणि हो, शाळासुद्धा. इच्छा शाबूत असते, शरीर साथ देत नाही. अर्थात महिनोन्‌महिने घरात पडून राहिल्यावर मनही खचतं. तसं दिसलं, मरणाची भाषा कानावर आली, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे विलंब न करता जावं. त्यामुळे मूळ आजार खोटा ठरत नाही.

मुलांच्या बाबतीत वेळ दवडू नये हेही आता मान्य झालं आहे. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने ऑक्टोबर २०२१ मध्ये नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. मुलांमध्ये चार आठवडे लक्षणं राहिली तर या आजाराची शंका घ्यावी, तीन महिन्यांनी निदान करावं आणि शंका आल्यापासूनच जपायला सांगावं, असं त्यात आहे. त्याच कागदाने एक जुनी शिफारसही मागे घेतली. २००७ पासून रुग्णांना ठरलेल्या चढत्या क्रमाने व्यायाम वाढवायला सांगितलं जात होतं. शरीर न वापरल्यामुळे दुबळं झालंय, रोज थोडं जास्त चाललं की पूर्ववत होईल, असा त्यामागचा विचार. ६४१ रुग्णांवरची पेस नावाची मोठी चाचणी २०११ मध्ये त्याच्या बाजूने पुढे करण्यात आली. तिच्या पद्धतीवर कडाडून टीका झाली, आणि व्यायामाने आपण खालावलो असं सांगणाऱ्या रुग्णांची संख्या वाढत गेली. २०२१ मध्ये नाइसने स्पष्ट सांगितलं की असा चढता व्यायाम या रुग्णांना देऊ नये. समुपदेशन आजारासोबत जगायला मदत म्हणून द्यावं, आजार बरा करण्याचा उपाय म्हणून देऊ नये, हेही त्यात आलं. आपल्याकडे 'सकाळी लवकर उठून चालायला जा, सूर्यनमस्कार घाल, आपोआप उत्साह येईल' हा सल्ला आजोबांपासून डॉक्टरांपर्यंत सगळे मायेने देतात. एरवी तो चांगलाच सल्ला आहे. या एका आजारात तो मुलीला महिनोन्‌महिने मागे नेऊ शकतो.

मग करायचं काय? असलेली शक्ती मोजून, जपून वापरायची. याला पेसिंग म्हणतात, आणि ते ऐकायला सोपं, करायला फार कठीण आहे. पहिले दोन आठवडे काहीही न बदलता फक्त वहीत टिपून ठेवायचं. किती वेळ उभी, किती वेळ बसून, किती वेळ आडवी, अभ्यास किती, मोबाइल किती, पाहुणे कोण आले, आणि कोणत्या दिवशी कोसळली. दोन ओळी पुरतात, आणि त्याही आईने किंवा बाबांनी लिहाव्यात. मुलीला लिहिण्याचाही शीण नको. दोन आठवड्यांनी वही मागून पुढे वाचली की शनिवार आणि सोमवार यांचा संबंध दिसू लागतो. त्यावरून वाईट दिवशीही झेपेल अशी मर्यादा ठरते. साधारण दिवशी जेवढं जमतं, त्याच्या दोन-तृतीयांशावर थांबायचं, असा एक ठोकताळा आहे. थांबायचं ते थकल्यावर नाही, थकण्याआधी. अभ्यास पंधरा मिनिटं, मग डोळे मिटून पंधरा मिनिटं. हातात मोबाइल घेऊन आडवं पडणं विश्रांतीत धरू नये, पण तो हिसकावूनही घेऊ नये; मैत्रिणींशी उरलेला तो एकच धागा असू शकतो. त्यासाठीही वेळेची वाटणी करावी.

सगळ्यात जपायचे ते चांगले दिवस. पंधरा दिवसांनी एक सकाळ अशी येते की मुलगी हसत उठते. घरात आनंद होतो. चल, आज राहिलेला सगळा अभ्यास उरकून टाक, संध्याकाळी बागेत जाऊ. नेमक्या अशा दिवशी ठरवलेल्या मर्यादेत राहायचं, हे पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला समजावणं किती अवघड आहे, हे ज्यांच्या घरात असं मूल आहे त्यांनाच कळेल. इथे हुकूम चालत नाही. कशावर शक्ती खर्च करायची हे तिला ठरवू द्यावं. आठवड्यात एकच मोठी गोष्ट झेपणार असेल आणि तिने केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलऐवजी मैत्रिणीचा वाढदिवस निवडला, तर ती निवड मोडू नये. नातेवाइकांपुढे तिची बाजू मात्र आई-बाबांनीच घ्यायला हवी. लग्नाला आलेली मुलगी आतल्या खोलीत निजली तर काकूंना उत्तर तिने का द्यायचं?

शाळेचा प्रश्न मोठा आहे, आणि हा आजार शाळेतच सापडूही शकतो. इंग्लंडमधल्या बाथ भागातल्या तीन माध्यमिक शाळांत, २,८५५ मुलांमधून ज्यांची गैरहजेरी फार होती अशी ४६१ मुलं शोधली गेली. त्यातून शेवटी २८ मुलांना हा आजार असल्याचं दिसलं, आणि त्यांतल्या २३ जणांचं निदान तोवर कोणी केलंच नव्हतं. हजेरीपटाचा असा उपयोग आपल्या शाळांनाही करता येईल. शिकागोतही चित्र फार वेगळं नाही: तिथे दहा हजारांहून अधिक मुलामुलींच्या पाहणीत ०.७५ टक्के मुलं आजारी निघाली, आणि त्यांतल्या पाच टक्क्यांनाही आधी कोणी आजाराचं नाव सांगितलेलं नव्हतं.

शाळेशी बोलताना पूर्ण दिवस किंवा पूर्ण रजा, असे दोनच पर्याय ठेवू नयेत. दोन तास शाळा चालू शकते. परिपाठाला बसायची मुभा, वर्ग तळमजल्यावर, पुस्तकांचा एक संच घरी आणि एक शाळेत, आजारी खोलीत आडवं पडायची सोय, विषय कमी करणं, परीक्षेत जादा वेळ, हे सगळं मागावं. ७५ टक्के हजेरीच्या अटीत वैद्यकीय कारणासाठी सूट मागता येते, त्यासाठी कागदपत्रं वर्षाच्या सुरुवातीलाच द्यावीत. तेही झेपत नसेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणून दहावी-बारावी देता येते. एनआयओएस या मुक्त विद्यालयात तर एकेक-दोनदोन विषय करत काही वर्षांत परीक्षा पूर्ण करता येते. संध्याकाळचा क्लास सोडणं हा बहुधा पहिला आणि सर्वांत उपयोगी निर्णय ठरतो, पण पालकांच्या जिवावर येतो तोच.

शाळा पूर्णपणे तुटू देऊ नये, याला आधार आहे. मेलबर्नमध्ये डॉ. कॅथी रो यांनी ७८४ मुलांचा सरासरी आठ वर्षं मागोवा घेतला. पाच वर्षांत ३८ टक्के आणि दहा वर्षांत ६८ टक्के जणांनी आपण बरे झाल्याचं सांगितलं. सुमारे पाच टक्के फार आजारी राहिले. आजाराच्या काळात सर्वांत उपयोग कशाचा झाला, यावर त्यांच्या बोलण्यात पुन्हा पुन्हा आलं ते शिक्षणाशी राहिलेलं नातं, ज्यात सोबती होते आणि वेळापत्रक स्वतःला झेपेल असं आखलेलं होतं. ऐकून घेणारा आणि पाठीशी राहणारा डॉक्टर, हेही त्यांनी महत्त्वाचं मानलं.

लिंडनव्हिलच्या मुलांचं काय झालं, हेही तेरा वर्षांनी पाहिलं गेलं. माहिती मिळालेल्या ३५ जणांपैकी १३ पूर्ण बरे होते, १५ जण बरे म्हणावेत असे पण काही लक्षणं शिल्लक असलेले, आणि ७ अजून आजारी. दोन वर्षांहून अधिक शाळा बुडालेल्या आठ जणांपैकी पाच जण या आजारी गटात होते. पंचवीस वर्षांनी पुन्हा विचारणा झाली, तेव्हा आपण निरोगी आहोत म्हणणाऱ्यांपैकी पुष्कळांना हा आजार कधीच न झालेल्यांपेक्षा जास्त त्रास होता. त्यांनी आयुष्यच त्या मापाने बेतून घेतलं होतं. म्हणून ज्या पालकांना कोणी महिन्याभरात पूर्ण बरं करण्याची हमी देतं, सलाइन, महागडी पावडर किंवा खास शिबिर विकतं, त्यांनी पैसे राखून ठेवावेत. हा आजार मुळापासून घालवणारं सिद्ध झालेलं औषध अजून नाही. लक्षणांवर मात्र औषधं आहेत: झोपेसाठी, दुखण्यासाठी, डोकेदुखीसाठी, उभं राहण्याच्या त्रासासाठी. या रुग्णांना औषधं लवकर बाधतात, म्हणून लहान मात्रेपासून, एका वेळी एकच सुरू करावं.

सुधारणा होऊ लागली की ती हळू असते आणि सरळ रेषेत नसते. वहीत तीन-चार आठवडे एकही कोसळणं दिसलं नाही, तर एखादीच गोष्ट वाढवावी, तीही थोडीशी: शाळेत अर्धा तास जास्त, किंवा सोसायटीच्या फाटकापर्यंत एक फेरी, दोन्ही एकदम नाही. मग पुन्हा दोन आठवडे थांबून पाहावं. मासिक पाळीच्या दिवसांत लक्षणं वाढतात, ते धरून चालावं. मधेच सर्दी-ताप आला, परीक्षा आली, घरात कोणी गेलं, तर लगेच एक पायरी खाली यावं आणि ताप उतरल्यावरही दोनेक आठवडे तिथेच राहावं. हे शाळेला आधीच लेखी कळवून ठेवलं असेल, तर पावसाळ्यातल्या पहिल्या तापाच्या वेळी नव्याने भांडावं लागत नाही.